चित्राची खोळ

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'तुम्हाला काय वाटलं?' आणि त्याच्याखाली जाड रेघ मारली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या इतिहासाच्या मॅडमना असं काहीतरी अधूनमधून सुचायचं. गावातल्या संग्रहालयात बाहेरून आधुनिक चित्रांचं प्रदर्शन आलं होतं, महिनाभर राहणार होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते बघून दोन पानं लिहून द्यायची होती. पुस्तकातलं नको, माहितीपत्रकातलं नको, मैत्रिणीचं नको. स्वतःला काय वाटलं ते. स्वतःला काही वाटतं आणि ते लिहिलं तर मार्क मिळतात, ही बातमी आम्हाला नवीन होती.

मला तर जास्तच नवीन. आमच्या घरात मत फक्त वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे असायचं, आणि अप्पा ते सणावारी वापरायचे. लष्कर मोहल्ल्यात पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा, अशी आमची व्यवस्था. मेटगळ्ळीच्या कारखान्यांचे युनिफॉर्म आम्ही शिवायचो, नाटकांचे पडदे शिवायचो, मंडपाच्या झालरी शिवायचो. जाड कापडावर चालणारं मशीन आसपास आमच्याकडेच होतं, त्यामुळे ज्याचं कापड दुसऱ्यांच्या सुईचं ऐकत नसे तो आमच्याकडे येई. आमचे पूर्वज मूळचे रंगारी. कापड रंगवायचे, छापायचे. मग गिरणीतून रंगलेलं कापड येऊ लागलं तसा रंग सुटला आणि हातात सुई आली. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन झालं की म्हातारी माणसं अजून रंगाच्या गोष्टी सांगत बसायची. गावात सगळीकडे कन्नड, पण घरात आम्ही मराठी बोलायचो, म्हणजे आम्ही तिला मराठी म्हणायचो. पुण्याची एक पाहुणी एकदा आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसली होती. तिच्याशी मी पुढचे चार दिवस इंग्रजीतच बोलले. माझं इंग्रजी तिच्याहून बरं होतं.

अशा घरात वाढल्यावर माणूस आधी दिसत नाही, शिवण दिसते. तर्कशास्त्राचे आमचे सर फार विद्वान होते, पण त्यांच्या शर्टाची काजं वाकडी होती आणि माझं लक्ष वर्षभर तिथंच राहिलं. कुठलंही कापड हातात आलं की आम्ही ते दोन बोटांत चोळतो आणि लगेच उलटून बघतो. हे कुणी शिकवत नाही. शिवणाऱ्याची लबाडी उलट्या बाजूला असते, एवढंच लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. लग्नात आहेराचं पातळ दिलं तरी आमच्या बायका देणाऱ्याच्या तोंडावर ते आधी उलटून बघतात. त्यावरून रुसवेफुगवे झालेत, पण सवय काही गेलेली नाही.

तर एका सकाळी आमची वरात संग्रहालयात पोचली. खालचा मजला सगळ्यांना पाठ होता. पाहुणे आले की त्यांना तिथं न्यायचं असतं. तेलरंगातले राजे, त्यांच्या पगड्या, जरीचे काठ. मला ती चित्रं आवडायची, कारण त्यांत जर म्हणजे जर असते आणि मखमल म्हणजे मखमल. प्रदर्शन मात्र वरच्या दालनात होतं. तिथं पाय ठेवल्याबरोबर आमच्यातल्या एकीने मोठ्याने विचारलं, चित्रं कुठं आहेत? आणि मुली खिदळायला लागल्या.

दारातच लोखंडाच्या भंगारातून जोडलेला एक बैल होता. सायकलच्या साखळ्या, नट, पत्रे. मैत्रीण म्हणाली, आमच्या गल्लीतला सायकलवाला याच्यापेक्षा बरा बैल करेल. पण त्या बैलाची मान बघा. ओझं ओढताना जशी खाली जाते तशी ती खाली गेली होती, आणि तिथं तर नुसती साखळी होती. मला त्याची कीव आली. साखळीची कीव कशी येईल, हे मला कळेना. पुढं एका बाईचं चित्र होतं, तिचे दोन्ही डोळे चेहऱ्याच्या एकाच बाजूला. 'फोटो काढताना हलली असेल,' असं कुणीतरी म्हणालं आणि मीही हसले. मग मला आमची काकू आठवली. गिऱ्हाइकाचं माप घेताना ती एका बाजूने गोड हसते आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने आम्हा पोरांवर डोळे वटारते. काकूचं खरं चित्र काढायचं तर असंच काढावं लागेल. मी पुन्हा त्या बाईकडे गेले आणि या वेळी हसले नाही.

एक चित्र नुसतं काळं होतं. मुली त्याच्यासमोर थांबल्यासुद्धा नाहीत. पण काळा हा काही एक रंग नव्हे, हे शिंप्याच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. वकिलाच्या कोटाचा काळा वेगळा, छत्रीचा वेगळा, धुऊन धुऊन विटलेल्या पँटचा तर फारच वेगळा. त्या चित्रात असे कितीतरी काळे शेजारीशेजारी बसवले होते, आणि बराच वेळ बघितल्यावर ते एकमेकांपासून सुटे होऊ लागले. मला गंमत वाटली. या माणसाला हे कुणी सांगितलं असेल, असं वाटलं. इतका वेळ लोक ज्याला ना शेंडा ना बुडखा म्हणत होते त्यात मला माझ्या घरातल्या वस्तू सापडत चालल्या होत्या.

आणि मग दालनाच्या मधोमध ते होतं.

चौकट नव्हती, काच नव्हती. लाकडी दांड्यावरून सोडलेलं एक मोठं कापड. वर निळा रंग, खाली विटकरी, आणि मध्ये एक पट्टा नुसत्या कोऱ्या कापडाचा. ब्रशाची खूण कुठंही नव्हती. रंग ओतला होता आणि कापडाने तो प्यायला होता. निळा खाली उतरत येऊन जिथं थांबला होता तिथं त्याची कड उमटली होती, ओल्या डागाला सुकताना येते तशी. अशी कड आमच्या दुकानात आली असती तर आकांत झाला असता. गिऱ्हाइकाच्या कापडावर पाणी सांडून एकदा माझ्या हातून अशी कड आली होती आणि मी आठवडाभर बोलणी खाल्ली होती. इथं ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे गेली होती, आणि तिच्यासारखं सुंदर काही मी त्याआधी बघितलं नव्हतं. सरळच सांगते, मी तिथून हललेच नाही. का ते आजही मला धड सांगता येणार नाही. त्या माणसाने रंगाला जाऊ दिलं होतं आणि जिथं तो थांबला तिथं थांबू दिलं होतं. आमच्याकडे कुणी कशाला असं जाऊ देत नाही.

खाली पाटी होती, 'शीर्षक नाही'. मला तेही आवडलं.

मग माझी नजर खालच्या काठावर गेली. काठ दुमडलेलाच नव्हता. धागे लोंबत होते. एवढं सगळं करून माणसाने काठ उघडा सोडला? मी वाकले आणि माझा हात आपसूक पुढं गेला. दोन बोटांत कापड चोळलं, कोपरा धरला आणि उलटून बघितला. मागेही तोच निळा होता, तोच विटकरी. जरा मऊ, पण तोच. रंग आरपार गेला होता. हे मला दिसलं तेवढ्यात कुणीतरी माझ्या मागे येऊन उभं राहिलं.

ते संग्रहालयाचे सुपरिंटेंडेंट होते. उंच, कडक इस्त्रीचे, शिवण निर्दोष. भिंतीवर 'हात लावू नका' अशी कन्नड आणि इंग्रजी पाटी होती, तिच्या बरोबर खाली मी चित्राचा कोपरा हातात घेऊन उभी होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अत्यंत सभ्यपणे कन्नडमध्ये म्हणाले, "काय बघत होतीस?"

"मागची बाजू," मी म्हणाले.

"चित्र पुढून बघतात."

मागे मुलींचं हसू फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅडम धावत आल्या, त्यांनी माफी मागितली, मीही मागितली. सुपरिंटेंडेंटनी ती मान्य केली, पण मॅडमना म्हणाले की या मुलीला पुन्हा आत पाठवू नका. प्रदर्शन परक्याचं आहे, जबाबदारी माझ्यावर आहे. जाताना त्यांनी दारावरच्या रखवालदारालाही मला दाखवून ठेवलं.

बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हणाले, मी लिहू कसं, मला ते अजून बघायचं आहे. मॅडम वैतागलेल्या होत्या, पण चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुला प्रदर्शन संपेपर्यंत मुदत देते. बघायचं कसं ते तू बघ."

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. निबंध हे निमित्त झालं. मला ते चित्र पुन्हा बघायचं होतं, बस. महिना संपला की ते परगावी जाणार, आणि परगाव म्हणजे माझ्या लेखी जग संपलं. लष्कर मोहल्ल्यातल्या मुलीला कोण चित्र बघायला दिल्लीला पाठवतंय? खाकी पँटच्या खिशांना टाके घालताना मी तो निळा आठवायचा प्रयत्न करायची आणि तो रोज थोडा बदलायचा. कधी जास्त शाईसारखा व्हायचा, कधी मोरपंखी. कोऱ्या पट्ट्याची रुंदी केवढी होती यावर माझं माझ्याशीच एकमत होईना. हे फार वाईट असतं. वस्तू हरवली तर निदान ती कशी होती ते माहीत असतं.

बाकीच्या मुलींचे निबंध देऊन झाले. एकीने सगळ्याच चित्रांत आधुनिक माणसाचा एकटेपणा शोधून काढला होता, बैलातसुद्धा. मी एकदा जाऊन बघायचं ठरवलं. काकूची साडी नेसले, अंबाडा घातला, चष्मा लावला आणि तिकीट काढून दारापर्यंत गेले. रखवालदार नंजनगूडचा होता, रोज गाडीने येऊन-जाऊन करणारा. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, साडी बदलली, चाल कशी बदलणार? साहेब आत आहेत. माझी संध्याकाळची गाडी चुकवू नका." तिकिटाचे पैसे त्याने खिडकीवरून परत आणून दिले. त्याचा राग येणं शक्य नव्हतं, म्हणून मी येताना वाटेतल्या एका बसवर राग काढला, जी मला न घेताच गेली होती.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आईला एवढंच माहीत होतं की कसल्याशा चित्राचं मी फार मनाला लावून घेतलंय. ती म्हणाली, "अय्यो, त्यात एवढं काय बघायचं असतंय ग? एकदा बघितलीस नव्हं? मत्ते काय?"

मत्ते म्हणजे आणखी, मग; आमच्या मराठीत असे कन्नड शब्द पेरलेले असायचे. विठ्ठलाला तू रोज कशाला बघतीस, असं ओठांवर आलं होतं, पण तेवढी हिंमत आमच्याकडे कुणात नव्हती.

महिना संपत आला असताना एका दुपारी संग्रहालयाचा कारकून आमच्या दुकानात आला. पडद्यामागून मी त्याचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, संपलं, तक्रार घरी आली. पण त्याचं काम वेगळं होतं. प्रदर्शनातली चित्रं ज्या खोळींत गुंडाळून आली होती त्या वाटेतच फाटल्या होत्या. आता परत पाठवायची तर नव्या खोळी हव्यात, कापड मऊ हवं, आणि एक मोठं चित्र आहे त्याला लोडाच्या अभ्र्यासारखी लांब खोळ लागेल. जागेवर येऊन माप घ्यावं लागेल. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा या.

पडद्यामागे माझ्या हातातली सुई थांबली. मोठं चित्र म्हणजे कुठलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माप घ्यायला एवढ्या मोठ्या वस्तूला दोन माणसं लागतात. एरवी दादा जायचा, पण त्याची मेटगळ्ळीला पहिली पाळी होती. मी सकाळपासून अप्पांच्या समोरून उगीच ये-जा करत होते. शेवटी अप्पा म्हणाले, "टेप धरायला कोणीतर पायजे. तू चल की मत्ते."

मी जमेल तितक्या थंडपणे बरं म्हटलं.

सुपरिंटेंडेंट स्वतः दार उघडायला आले. मला बघून थबकले. मग अप्पांकडे बघितलं, त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं. "ही?" त्यांनी विचारलं. "माझी मुलगी, स्वामी," अप्पा म्हणाले. ते दारातून बाजूला झाले. मी जीव मुठीत धरून अप्पांच्या मागोमाग जिना चढले. वर गेल्यावर कळलं की वीज गेली आहे. त्या वर्षी रोजच जायची. दालनाच्या खिडक्या उन्हापासून चित्रांना जपायला लाकडी फळ्यांनी बंद केलेल्या. दारातून येणारा उजेड जेमतेम बैलापर्यंत पोचत होता. मधलं कापड मला दिसलं ते एवढंच, काहीतरी मोठं, लोंबणारं, वर जास्त काळं आणि खाली कमी काळं.

मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं. इतके दिवस ज्याच्यासाठी तळमळले ते हातभर अंतरावर होतं आणि दिसत नव्हतं.

"हात लावायचा नाही," सुपरिंटेंडेंट सवयीने म्हणाले.

"हात न लावता माप कसं घ्यायचं स्वामी?" अप्पांनी साधंच विचारलं.

ते जरा गोंधळले. मग त्यांनी आम्हाला हात धुवायला लावले, स्वतःही धुतले, आणि पांढरे सुती हातमोजे आणून दिले. अप्पांनी मोजा घालायच्या आधी उलटून बघितला. मी स्टुलावर चढून टेपचं वरचं टोक धरलं, अप्पांनी खालचं. रुंदी घेतली, लांबी घेतली. मोज्यातून कापडाचा उभा-आडवा धागा मला लागत होता. रंगाचा थर मात्र कुठं लागत नव्हता, कारण थर नव्हताच. मग अप्पा खाली वाकले. त्यांना काठ सापडला, न दुमडलेला. त्यांनी कोपरा दोन बोटांत चोळला, उचलला, दाराच्या उजेडाच्या दिशेने केला आणि उलटून बघितला.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर सुपरिंटेंडेंट अप्पांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला.

"काय बघितलंत?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"सुम्ने," अप्पा म्हणाले. उगीच. "कापड आलं की बघतो आम्ही."

"घरात सगळेच बघतात का?"

"आमच्यात सगळेच," अप्पा म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले. मी खाली मान घालून मापाचा कागद सांभाळत उभी राहिले. जिना उतरताना सुपरिंटेंडेंट मला हळूच म्हणाले, "गुरुवारी बांधाबांध आहे. खोळ घेऊन तू ये." एवढंच म्हणाले.

निबंधाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी नको. दोन पानांऐवजी अर्धंच पान झालं. मॅडमनी सांगितलं की त्यात चित्रकाराबद्दल काही नाही, काळाबद्दल काही नाही, आणि कडेबद्दल फार आहे. मार्क बेताचे दिले. पण ते अर्धं पान त्यांनी वर्गात वाचून दाखवलं, आणि वाचताना त्या मध्येच थांबल्या, ते मी बघितलं. मला तेवढं पुष्कळ झालं.

त्या खोळीला मी अप्पांना हात लावू दिला नाही. आमच्या घरात मी अशी अडून बसायची पहिलीच वेळ असेल. मांजरपाट घेतला, दोनदा धुतला, खळ सगळी काढली, सावलीत वाळवला. शिवताना मी शिवण बाहेर ठेवली आणि गुळगुळीत बाजू आत. अप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "अग, उलटी शिवतीस. टाके दिसतील लोकांस्नी."

"दिसू देत," मी म्हणाले. "आतल्याला टोचायला नको."

अप्पांनी जाऊन जुन्या पेटीतून मऊ नाडी काढून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. त्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी. मी दोन टोकांना नेफे घातले, नाडी ओवली आणि खोळीत हात घालून कोपरान् कोपरा चाचपून बघितला.

गुरुवारी मी गेले तर रखवालदाराने मला सलाम केला. त्याच्या नाटकीपणाचं मला हसू आलं. वर सगळीकडे पेट्या, भुसा, दोऱ्या. बैल पेटीत बसला होता. काळं चित्र आम्ही शिवून आधीच पोचवलेल्या एका चौकोनी खोळीत जाऊन भिंतीला टेकलं होतं. खिडक्या सगळ्या उघडल्या होत्या, कारण आता जपायचं होतं ते पेट्यांत गेलं होतं. आणि मध्ये ते कापड तेवढं अजून दांड्यावर होतं.

"ट्रक यायला वेळ आहे," सुपरिंटेंडेंट म्हणाले. "आम्ही खाली कॉफी घेऊन येतो. तू बस." त्यांनी स्वतःची खुर्ची चित्रासमोर ओढून ठेवली आणि हमालांना घेऊन खाली गेले. जाताना मला काही बजावलं नाही.

मी बसले. खिडकीतून पूर्ण दिवसाचा उजेड येत होता, प्रदर्शन चालू असताना कुणाला मिळाला नसेल असा. आणि माझ्या लक्षात आलं की मी सगळं चुकीचं आठवत होते. निळा शाईसारखा नव्हता, मोरपंखीही नव्हता. तो एक रंगच नव्हता. वरून खाली येता येता तो दमत आला होता आणि कडेपाशी येऊन पुन्हा गडद झाला होता, सगळं बळ तिथं साठवल्यासारखा. विटकरी रंग वर चढला होता, म्हणजे कापड कधीतरी उलटं टांगलं असणार. आणि मधला कोरा पट्टा, ज्याची रुंदी मला आठवत नव्हती, ती एकसारखी नव्हतीच. एका टोकाला दोन्ही रंग इतके जवळ आले होते की आता भेटतील असं वाटत होतं. भेटले नव्हते. मी कितीतरी वेळ त्याच जागेकडे बघत राहिले. वारा आला की कापड जरासं हलायचं आणि ते अंतर हलायचं. मला फार सुख झालं. लग्नात झालं नाही, मुलं झाली तेव्हा वेगळं झालं, पण असं नाही. कुणीतरी, कुठंतरी, माझ्यासारख्याच सवयीचा हात ठेवून कापडाला विचारत बसलं होतं, तू किती पितंस, कुठं थांबतंस, आणि त्या माणसाला हे विचारण्यापलीकडे काही नको होतं. मी उठून मागेही गेले आणि मागची बाजू बघितली, आरामात, कुणाची चोरी न ठेवता. मग पुन्हा पुढं येऊन बसले.

हमालांचे पाय जिन्यावर वाजले तेव्हा मी खुर्ची बाजूला केली.

त्यांनी दांडा उतरवला, कापड स्वच्छ चादरीवर अंथरलं आणि जाड नळीवर खालून गुंडाळायला सुरुवात केली. विटकरी गेला. ती दोन रंग जवळ आलेली जागा आली आणि गेली. कड गेली. मग नुसता निळा उरला, तो हातभर झाला, वीतभर झाला, आणि मग मागची बाजूच वर आली. मी गुडघ्यांवर बसून खोळ पुढं धरली आणि हमालांनी नळी आत सरकवली. कुठंही अडकली नाही. सुपरिंटेंडेंट म्हणाले, "गाठ तू मार, तुझीच शिवण आहे." मी दोन्ही बाजूंच्या नाड्या ओढल्या आणि घट्ट गाठी मारल्या. मग जिथून किंचित जरी निळा दिसेल अशी एखादी फट राहिली आहे का, म्हणून मी खोळीभोवती गुडघ्यांवर फिरून शोधत राहिले. पण मी ती इतकी नीट शिवली होती की कुठूनही काही दिसत नव्हतं.